रात्री अकरानंतरचा लॅग आणि ओपनडब्ल्यूआरटीचं ‘एसक्यूएम’: कुठं कामाला येतं, कुठं हात टेकतं

संध्याकाळी सहाला व्हॅलोरंट या गेमच्या मुंबई सर्व्हरवर पिंग, म्हणजे डेटा जाऊन यायला लागणारा वेळ, २२ मिलिसेकंद, रात्री साडेअकराला १८०, आणि स्पीडटेस्ट मात्र दोन्ही वेळा ९५ एमबीपीएस. केबलवाल्याला फोन केला की तो म्हणतो, “आमच्याकडून ओके दाखवतंय.” गंमत म्हणजे बऱ्याचदा तो खरंच बोलत असतो.

रात्री अकराला घरात काय होतं ते बघा. सगळ्यांचे फोन चार्जिंगला लागतात. आयफोन चार्जरवर, लॉक केलेला आणि वायफायला जोडलेला असला की आयक्लाउडचा बॅकअप आपोआप सुरू होतो. गूगल फोटोजला दिवसभराचे व्हिडिओ चढवायचे असतात. पार्किंगमधला क्लाउड कॅमेरा तर चोवीस तास अपलोडच करत असतो. घरातलं कुणी लग्नाहून दहा जीबीचे व्हिडिओ घेऊन आलं असेल, तर २० एमबीपीएस अपलोडवर ते चढायला तासाहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तुमची गेम त्या व्हिडिओंच्या मागे रांगेत उभी असते. लाइन बंद नसते, स्पीडही कमी नसतो. रांग लांब झालेली असते, बस.

या रांगेवरचा सगळ्यात खात्रीचा आणि फुकट इलाज म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी या राउटर-फर्मवेअरमधलं (राउटरच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) एसक्यूएम, म्हणजे ‘स्मार्ट क्यू मॅनेजमेंट’, हे पॅकेज. हे परीक्षण त्याचंच. निकाल आधीच सांगतो: ज्या एका दुखण्यासाठी ते बनलंय त्यावर रामबाण, बाकीच्या दुखण्यांवर शून्य. म्हणून दुखणं कुठलं हे आधी ओळखायचं, मग राउटरला हात लावायचा.

रांग कशी तयार होते

मोडेम, ओएनटी (घरात फायबर जिथं येऊन संपतो तो कंपनीचा डबा), राउटर या प्रत्येकात पॅकेटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, साठवायची एक टाकी असते, तिला बफर म्हणतात. मेमरी स्वस्त झाली तशा कंपन्यांनी या टाक्या मोठ्या केल्या. पॅकेट टाकून देण्यापेक्षा साठवलेलं बरं, असा साधा हिशेब. गेमसाठी तो उलटा पडतो. समजा अपलोडच्या बाजूला १ एमबीची टाकी आहे आणि अपलोड १० एमबीपीएस आहे. टाकी भरली की शेवटच्या पॅकेटला बाहेर पडायला ८०० मिलिसेकंद लागणार. अपलोड ५० एमबीपीएस असला तरी १६० मिलिसेकंद. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी हिशेब करतो. त्याच्यापुढे १६० म्हणजे तुमचा गडी भिंतीआड पोचल्यावरही मरतो.

या प्रकाराला ‘बफरब्लोट’ हे नाव जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ हा उपाय मांडला. टाकी किती भरली हे तो बघत नाही, पॅकेट टाकीत किती वेळ पडून राहिलं ते बघतो. ५ मिलिसेकंदांहून जास्त वाट बघणं १०० मिलिसेकंद टिकून राहिलं की कोडेल पॅकेटं टाकायला लागतो, आणि पाठवणारा फोन किंवा सर्व्हर निमूट वेग कमी करतो. त्याला प्रत्येक कनेक्शनची वेगळी रांग जोडली की झाला ‘एफक्यू-कोडेल’. आणि स्पीडला लगाम घालणं, घरातल्या प्रत्येक उपकरणाला समान वाटा देणं हे सगळं एकत्र बांधलं की ‘केक’. २०१८ मध्ये तो लिनक्स कर्नलच्या ४.१९ आवृत्तीत आला. या सगळ्या खटाटोपामागे वर्षानुवर्षं रेटा लावणारे डेव्ह टाट २०२५ च्या एप्रिलमध्ये गेले. आज घराघरांत जो लॅग कमी झालाय, त्यातला बराचसा त्यांच्या चिकाटीचा.

केक काय करतो हे पिठाच्या गिरणीवर बघितलेलं असतं. कुणी पन्नास किलोचं पोतं घेऊन आलंय, तुमच्या हातात किलोभर ज्वारीची पिशवी. शहाणा गिरणीवाला पोतं थोडं थांबवतो, तुमची पिशवी मध्ये घालतो, पुन्हा पोत्याकडे वळतो. पोतंवाल्याला फरक कळतही नाही. गेमची पॅकेटं अशीच किलोभराची पिशवी असतात. सेकंदाला काही डझन ते शे-दीडशे, तीही लहान. बॅकअप म्हणजे पोतं. त्यामुळे केकला ‘ही गेम आहे, हिला पुढे सोड’ असं सांगावंच लागत नाही. शिंगांच्या अँटेनावाल्या महागड्या गेमिंग राउटरांत गेमांच्या नावांची यादी असते, तिची इथं गरज पडत नाही.

आधी निदान

रात्री लॅग चालू असताना लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग लावा, बहुतेक घरांत पत्ता १९२.१६८.१.१ असतो. दुसरीत इंटरनेट कंपनीच्या पहिल्या टप्प्याला, म्हणजे घराबाहेरच्या तिच्या पहिल्या यंत्राला. तो पत्ता ‘ट्रेसर्ट’ ही वाटेतले टप्पे दाखवणारी कमांड चालवली की राउटरच्या लगेच खालच्या ओळीत मिळतो. घरात ओएनटीमागे दुसरा राउटर असेल तर आणखी एक ओळ खाली जा. काही कंपन्यांचं यंत्र पिंगला उत्तरच देत नाही, तेव्हा त्याच्या पुढचा टप्पा घ्या. दोन्हीकडे निदान शंभर पिंग जाऊ द्या. तिसरा आकडा गेममध्येच दिसतो. व्हॅलोरंटच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये ‘स्टॅट्स’ आहे, तिथं नेटवर्क आरटीटी (म्हणजे पिंगच) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवलेली पॅकेटं) आलेखासकट चालू करा.

राउटरचा पिंगच उडत असेल, वायरवर १ मिलिसेकंदाच्या आत राहायला हवा तो वायफायवर ३ वरून ९० वर जात असेल, तर दुखणं वायफायचं आहे. राउटर शांत आहे पण कंपनीचा टप्पा उडतोय, आणि सगळ्यांच्या फोनचं वायफाय बंद केल्यावर तोही शांत होतोय, तर बफरब्लोट. हे परीक्षण तुमच्यासाठी आहे. घर पूर्ण झोपलेलं असूनही कंपनीचा टप्पा रोज नऊ ते बारा उडतोय, तर गर्दी कंपनीकडची. आणि पहिला टप्पा गुळगुळीत पण गेम उडतेय, तर पुढचा रस्ता किंवा सर्व्हर.

ट्रेसर्ट किंवा त्याच कामाचं विनएमटीआर वाचताना जवळजवळ सगळेच एक चूक करतात. मधल्या एखाद्या टप्प्यावर ६० टक्के लॉस दिसला की त्याचा स्क्रीनशॉट कंपनीला जातो. पण खालच्या सगळ्या टप्प्यांवर लॉस शून्य असेल तर त्या ६० टक्क्यांना काही अर्थ नाही. ते यंत्र फक्त पिंगला उत्तर द्यायचा कंटाळा करतंय, पॅकेटं पुढं नीट सोडतंय. एखाद्या टप्प्यापासून लॉस सुरू होऊन शेवटच्या ओळीपर्यंत टिकला, तरच तो खरा.

गूगलच्या ८.८.८.८ ला पिंग करून समाधान मानू नका. तो एकच पत्ता जगभर अनेक ठिकाणांहून उत्तर देतो. तिथं ५ आला म्हणून गेमच्या सर्व्हरला ५ येणार, असं नाही. आणि डीएनएस बदलल्याने चालू गेममधला लॅग कमी होत नाही. डीएनएसचं काम सर्व्हरचा पत्ता सापडला की संपतं. हा सल्ला अजून का फिरतो, देव जाणे.

कुठल्या राउटरवर

ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प २००४ चा, लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरच्या खुल्या झालेल्या कोडमधून निघालेला. आज शेकडो मॉडेलांवर चालतो, पण खरेदीआधी त्यांच्या हार्डवेअर यादीत मॉडेलबरोबर व्हर्जनही जुळवा. टीपी-लिंकच्या आर्चर सी६ सारख्या राउटरमध्ये नाव तेच राहतं आणि व्हर्जनगणिक आतली चिप बदलते. खोक्यामागच्या लेबलवर ‘व्हर’ लिहिलेलं असतं, तोच आकडा पाहिजे. दुकानदाराला नाव सांगून चालत नाही, खोका हातात घेऊन बघावा लागतो. ४ एमबी फ्लॅश (साठवणीची जागा) आणि ३२ एमबी रॅमवाल्या जुन्या राउटरांवर आता वेळ घालवू नका. १६ एमबी आणि १२८ एमबी ही सोयीची खालची पायरी.

मेमरीपेक्षा प्रोसेसर महत्त्वाचा. राउटर एरवी पॅकेटं खास हार्डवेअरमधून परस्पर ढकलतो; एसक्यूएम चालू केलं की प्रत्येक पॅकेट प्रोसेसरच्या हातातून जातं. मीडियाटेकच्या एमटी७६२१ चिपवाले राउटर १०० एमबीपीएसचा प्लॅन आरामात ओढतात, ३०० च्या प्लॅनला धापा टाकायला लागतात. एमटी७९८१ किंवा एमटी७९८६ या एआरएम चिपांवर बरीच जास्त मोकळीक मिळते. जीएल-आयनेटच्या एमटी६००० राउटरमध्ये यातली एमटी७९८६ आहे, आणि तो ओपनडब्ल्यूआरटीवर बेतलेलं फर्मवेअर घेऊनच खोक्यातून निघतो. फ्लॅश करायची, म्हणजे फर्मवेअर स्वतः चढवायची, भीती वाटणाऱ्यांनी हा रस्ता धरावा. पूर्ण गीगाबिटला रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक पुरतो, पण त्याला एकच लॅन पोर्ट असल्याने यूएसबी ३ चा गीगाबिट अडॅप्टर जोडावा लागतो आणि वायफायसाठी वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट लागतो.

बसवणं

पहिल्यांदा टाकताना ‘फॅक्टरी’ नावाची फाइल, नंतरच्या अपडेटला ‘सिसअपग्रेड’. उलट केलंत तर राउटरची वीट होऊ शकते. फ्लॅश करताना लॅपटॉप वायरने जोडलेला हवा, कारण नवीन फर्मवेअर चढल्यावर वायफाय बंदच असतं. ते तुम्हालाच चालू करायचंय. लॉगिन ‘रूट’, पासवर्ड रिकामा. तो लगेच टाका.

इथंच पहिला अपघात होतो. ओएनटीचा पत्ताही १९२.१६८.१.१ आणि ओपनडब्ल्यूआरटीचाही तोच. दोन्ही बाजूंना एकच गल्ली झाल्यावर पॅकेट जाणार कुठं? नेट चालत नाही आणि लोक फर्मवेअरला शिव्या घालतात. नवीन राउटरचा लॅन (घरातल्या बाजूचा) पत्ता १९२.१६८.२.१ करा, मग ओएनटीची वायर वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पोर्टात खोचा. केबलवाल्याने ओएनटी ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम सोडून पॅकेटं नुसती पुढे ढकलायला) टाकून दिला तर आणखी चांगलं. त्याच्याकडून पीपीपीओई या कंपनीकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं यूजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन आयडी लिहून घ्या. काहीजण देत नाहीत. नाही दिलं तरी एसक्यूएमचं काही अडत नाही.

दुसरा अपघात जास्त फसवा आहे. ओएनटीचं स्वतःचं वायफाय चालूच राहतं आणि घरातले फोन जुन्या सवयीने त्यालाच चिकटतात. मग बॅकअपची पॅकेटं ओएनटीतून परस्पर बाहेर, तुमच्या राउटरला त्यांचा पत्ताच नाही, आणि केक रिकाम्या रस्त्यावर शिट्टी वाजवत उभा. ओएनटीचं वायफाय बंद करा. टीव्ही, कॅमेरा, डीव्हीआर, सगळं नवीन राउटरमागे आलं पाहिजे.

आता ‘सॉफ्टवेअर’ पानावरून याद्या ताज्या करून ‘लुसी-अ‍ॅप-एसक्यूएम’ पॅकेज टाका. ‘नेटवर्क’खाली एसक्यूएमचं पान उगवतं. इंटरफेस म्हणून वॅन निवडा. राउटर स्वतः पीपीपीओईचं लॉगिन करत असेल तर पीपीपीओई-वॅन. क्यू डिसिप्लिनमध्ये ‘केक’, स्क्रिप्ट ‘पीस ऑफ केक’. ‘लेअर केक’ही दिसेल, पण तो पॅकेटांवरच्या प्राधान्याच्या शिक्क्यांवर चालतो. ते शिक्के तुम्ही स्वतः मारणार नसाल तर त्याचा उपयोग नाही. लिंक लेयरमध्ये ‘इथरनेट विथ ओव्हरहेड’, आकडा ४४. खरं ओव्हरहेड (प्रत्येक पॅकेटावरचं वेष्टण) याहून कमी असलं तरी थोडा जास्त धरलेला आकडा नुकसान करत नाही, कमी धरलेला करतो.

प्रगत पर्यायांत दोन ओळी टाकायच्या असतात, आणि त्या पुष्कळजण विसरतात. डाउनलोडच्या बाजूला ‘नॅट ड्युअल-डीएसटीहोस्ट इनग्रेस’, अपलोडच्या बाजूला ‘नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट’. राउटरवर हे शब्द अर्थातच रोमन लिपीत, मध्ये रिकामी जागा सोडून टाकायचे. यांच्यामुळे वाटणी कनेक्शनांनुसार न होता माणशी होते. नाहीतर गेम उतरवणारं स्टीम वीस कनेक्शनं उघडून वीस वाटे पळवतं. ‘इनग्रेस’ हा शब्द टाकून दिलेल्या पॅकेटांचाही हिशेब धरतो, कारण ती लाइन अडवून आधीच आलेली असतात.

फायरवॉलच्या पानावर ‘फ्लो ऑफलोडिंग’ चालू असेल तर बंद करा, सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर दोन्ही. ते चालू असलं की पॅकेटं केकला टाळून जातात. सगळं बरोबर भरूनही काडीचा फरक पडला नाही, तर आधी इथं बघा. एकापेक्षा जास्त कोर असलेल्या राउटरवर ‘पॅकेट स्टिअरिंग’ (पॅकेटांचं काम कोरांत वाटणारी सोय) मात्र चालू करा.

आकडा रात्रीचा घ्या

राहिला तो मुख्य आकडा: डाउनलोड आणि अपलोडची मर्यादा, किलोबिटमध्ये. प्रत्येक मार्गदर्शिकेत लिहिलेलं असतं, मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्के. कुठल्या वेळी मोजलेल्या, हे फारसं कुणी लिहीत नाही, आणि रात्रीच्या लॅगचं सगळं मर्म तिथंच आहे.

एसक्यूएमची युक्ती एवढीच की रांग कंपनीच्या यंत्रात लागायच्या आधी तुमच्या राउटरात लावायची, कारण तुमच्या राउटरातल्या रांगेला शिस्त लावता येते. त्यासाठी तुमची मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा कमी पाहिजे, कायम. दुपारी ९५ मोजून ८५ घातलेत आणि रात्री साडेदहाला लाइन ६० वर आली, की अडथळा पुन्हा कंपनीच्या यंत्रात सरकला. तुमचा केक बेकार. म्हणून तीन-चार दिवस रात्री दहा ते बारा या वेळात वायरने मोजा, त्यातला सगळ्यात कमी आकडा घ्या आणि त्याचे ८५ टक्के भरा. अपलोड ९० टक्क्यांपासून सुरू करा. मग फोनवर मोठा व्हिडिओ चढवायला लावून कंपनीच्या टप्प्याचा पिंग बघा. रिकाम्या लाइनपेक्षा ५ ते १० मिलिसेकंदांच्या आत वाढला तर आकडा बरोबर. त्याहून उडाला तर पाच टक्के खाली या, पुन्हा बघा.

रात्री ६० आणि सकाळी ९५ असा झोका असेल तर दिवसभर ५१ वर बसणं जिवावर येतं. त्याला ‘केक-ऑटोरेट’ नावाची स्क्रिप्ट आहे. ती सतत पिंग करत राहते, उशीर वाढला की मर्यादा खाली ओढते, मोकळं झालं की वर सोडते. मूळ गरज मोबाइल नेटवर्कवरच्या लाइनींची, पण गर्दीच्या केबल-लाइनलाही लागू पडते. बसवायला टर्मिनल उघडावं लागतं. त्याची भीती असेल तर क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम करणाऱ्या यादीत) दोन वेळांचे दोन आकडे ठेवा: रात्री नऊला खाली, एकला वर. तेवढ्यावर बहुतेक घरांचं भागतं.

आकडे भरल्यावर उलट वेगच अर्धा झाला आणि पिंगही वाढला, तर राउटरवर ‘टॉप’ ही कमांड चालवून ‘एसआयआरक्यू’ (पॅकेटं हाताळण्यात जाणारा प्रोसेसरचा वेळ, टक्क्यांत) बघा. तो शंभराजवळ असेल तर प्रोसेसरची दमछाक झालीय. मर्यादा खाली आणा किंवा राउटर बदला.

जे याच्या हाती नाही

वायफाय. ओपनडब्ल्यूआरटीच्या एमटी७६, एटीएच९के आणि एटीएच१०के ड्रायव्हरांत वायफायच्या रांगांनाही एफक्यू-कोडेल आहे, त्याचा फायदा होतो. पण सोसायटीतल्या तीस राउटरांनी २.४ गीगाहर्ट्झचा बाजार मांडला असेल तर तिथं कुठलीच रांग कामाची नाही. १, ६, ११ पैकी मोकळा चॅनल, नाहीतर ५ गीगाहर्ट्झ, आणि सगळ्यात चांगली म्हणजे कॅट-५ई वायर. पीसी गेमिंगला वायरच. तिच्या आठही तारा क्रिम्प झाल्यात ना बघा. चारच जोडल्या की लिंक १०० एमबीपीएसवर अडकते, आणि कनेक्शन देणारे पुष्कळदा चारच जोडतात. मॅकबुकवर दर थोड्या वेळाने पिंग उसळत असेल तर एअरड्रॉप बंद करून बघा. त्याची यंत्रणा वायफायला मधूनमधून दुसऱ्या चॅनलवर नेते.

अंतर. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. नागपूर ते मुंबई सरळ रेषेत सातशेच्या आसपास किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ७ मिलिसेकंद तर प्रकाशालाच लागणार, आणि केबल सरळ रेषेत कधीच जात नाही. मुंबई-सिंगापूर ३,९०० किलोमीटर, म्हणून ३९ च्या खाली पिंग मिळणं भौतिकशास्त्रात बसत नाही. मुंबईचा सर्व्हर निवडूनही पुण्यात रात्री ८० येत असेल आणि घरात सगळं शांत असेल, तर पॅकेटं लांबून वळसा घालून येताहेत किंवा वाटेतल्या एखाद्या जोडावर गर्दी आहे. ‘पिंग बूस्टर’ म्हणून विकतात त्या सेवा फक्त या एका प्रसंगात उपयोगी पडू शकतात, तेही त्यांचा रस्ता वेगळा असला तर. आठवडाभराची फुकट चाचणी घ्या, वर्षाचे पैसे आधी देऊ नका.

आणि केबलवाल्याकडची गर्दी. जीपीओएन फायबरवर २.४८८ जीबीपीएस डाउनलोड ३२ घरांत वाटलं तर प्रत्येकाला ७७ एमबीपीएस येतात, म्हणजे फायबरचं झाड (एका तारेतून घराघरांत फुटणाऱ्या फांद्या) सहसा अडचण नसतं. अडचण असते ती त्याने वर विकत घेतलेल्या बँडविड्थची. तिथं केक-ऑटोरेटने तुमच्या घरातली रांग आवरेल, शेजाऱ्याची नाही. तक्रार करायची तर ‘गेम लॅग होते’ म्हणू नका. त्याला रात्री साडेदहाचे कंपनीच्या टप्प्याचे शंभर पिंग, घरातली बाकीची उपकरणं बंद असताना वायरने काढलेले, आणि शेजारी सकाळचे शंभर, असे द्या. ओएनटीच्या पानावरची ऑप्टिकल पॉवरही (तिथं पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) लिहा: नेहमीच्या बी-प्लस वर्गाच्या ओएनटीची ऐकायची खालची हद्द उणे २७ डीबीएम असते. उणे २६ दिसत असेल तर कपाटामागे मुडपलेली केबल किंवा मळलेला कनेक्टर शोधा. हिरवा कनेक्टर निळ्या जोडात खोचलेला दिसला, तर तो आधी बदलून घ्या. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं नसतं, आणि दोघांचं तोंड नीट जुळत नाही. तक्रारीचा डॉकेट नंबर मात्र मागून घ्या. तो नसेल तर पुढे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येत नाही.